धान्य फुकट, पण गिरणी कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून काही पालकांना वाटेल की, हा तर इंजिनियर मंडळींचा विषय, आमचा याच्याशी काय संबंध? परंतु आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्या मोबाईलवर अधूनमधून सूचना येते की, 'अपडेट उपलब्ध आहे.' आपण बोट लावतो, यंत्र थोडा वेळ बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि आपण आपल्या कामाला लागतो. ते अपडेट कोठून आले, ते कोणी तयार केले, कोणत्या यंत्रावर तयार केले, त्या यंत्राचे वीजबिल कोणी भरले आणि त्या यंत्रावर पहारा कोणाचा होता, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. आज याच प्रश्नांचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा अशी माझी इच्छा आहे. हा विचार संगणकापासून सुरू होत असला तरी तो शेवटी आपल्यासारख्या संस्थांच्या दारापर्यंत येतो, असे मला वाटते.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. संगणक किंवा मोबाईल म्हणजे नुसते यंत्र. त्या यंत्राला कामाला लावणारी जी मुख्य प्रणाली असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. काही प्रणाली कंपन्यांच्या मालकीच्या असतात. त्यांच्या आत काय लिहिले आहे ते बाहेरच्या माणसाला पाहता येत नाही. काही प्रणाली मात्र मुक्त असतात. त्यांची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली असते. लिनक्सवर आधारलेल्या डेबियनसारख्या प्रणाली, त्याचप्रमाणे फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी या प्रणाली या वर्गात मोडतात. अँड्रॉईडचा पायाही मुक्त संहितेचाच आहे.

परंतु ही मूळ संहिता माणसाला वाचता येते, यंत्राला ती जशीच्या तशी चालत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. या कामाला बिल्ड करणे म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर मूळ संहिता म्हणजे धान्य आणि आपल्या मोबाईलवर येणारे अपडेट म्हणजे पीठ. मधे गिरणी लागते. धान्य फुकट वाटले तरी घरोघरी गिरणी नसते आणि गिरणी विजेशिवाय चालत नाही.

ही गिरणी केवढी मोठी लागते याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. अँड्रॉईडची संपूर्ण प्रणाली तयार करावयाची असेल तर गूगलच्याच मार्गदर्शनानुसार संगणकाला किमान ६४ गिगाबाइट रॅम आणि सुमारे ४०० गिगाबाइट मोकळी जागा हवी. आपल्या शाळांतील संगणकांना बहुधा ४ किंवा ८ गिगाबाइट रॅम असते. गूगलने आपल्या ७२ कोअरच्या यंत्राला या कामास सुमारे ४० मिनिटे लागतात असे नमूद केले होते. सहा कोअरच्या यंत्राला तेच काम करण्यास कित्येक तास लागतात. आणि हे एका जातीच्या मोबाईलसाठी, एका वेळेचे. शेकडो जातींच्या मोबाईलांसाठी दर आठवड्याला हे दळण दळावयाचे तर यंत्रे किती लागतील याचा हिशेब विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा.

आता गिरणी बंद पडली तर काय होते ते पाहू. सायनोजेनमॉड नावाची अँड्रॉईडवर आधारलेली एक मुक्त प्रणाली होती. कंपनीने जुन्या मोबाईलला अपडेट देणे थांबविले की, लोक ही प्रणाली घालून तो मोबाईल आणखी काही वर्षे वापरीत. पुढे तिच्या नावाने एक कंपनी निघाली आणि प्रणाली तयार करणारी यंत्रे त्या कंपनीच्या खर्चाने चालू लागली. २३ डिसेंबर २०१६ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की, ३१ डिसेंबरपर्यंत सर्व सेवा व रोज तयार होणारी बिल्ड बंद होतील. मूळ संहिता मात्र ज्याला स्वतः बिल्ड करावयाचे असेल त्याच्यासाठी खुली राहील. म्हणजे धान्याचे कोठार उघडे, पण गावातील एकुलत्या गिरणीला कुलूप! ज्यांच्या घरी तेवढे मोठे यंत्र नाही, त्या सामान्य माणसाला त्या उघड्या कोठाराचा काय उपयोग? त्या प्रकल्पात काम करणाऱ्या मंडळींनी हिंमत सोडली नाही. त्यांनी लिनिएजओएस या नव्या नावाने काम सुरू केले, यंत्रे मिळविली आणि २०१७ च्या जानेवारीत पुन्हा तयार बिल्ड लोकांच्या हाती दिली. संहिता मुक्त होती म्हणून काम वाचले हे खरेच; पण यंत्रे मिळाली म्हणून ते लोकांपर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. कॅनडातील कॅलगरी या शहरात थिओ डी राट हे गृहस्थ राहतात. त्यांनी १९९५ साली ओपनबीएसडी ही प्रणाली सुरू केली. सुरक्षिततेविषयीच्या काटेकोरपणासाठी ती प्रसिद्ध आहे. याच मंडळींनी १९९९ साली ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम तयार केला. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करण्याचे ते साधन आहे. आज जगातील लहानमोठ्या कंपन्यांचे अगणित सर्व्हर याच साधनाच्या जोरावर चालविले जातात. असे असताना २०१४ च्या जानेवारीत या प्रकल्पाला जाहीरपणे सांगावे लागले की, यंत्रांच्या विजेचा सुमारे २०,००० डॉलरचा खर्च भागला नाही तर प्रकल्प बंद करावा लागेल!

त्यांची यंत्रे डी राट यांच्या घरी होती. त्यांत नव्या यंत्रांबरोबर जुन्यापुराण्या जातींची यंत्रेही होती. कोणी सुचविले, ही जुनी यंत्रे काढून टाका, वीज वाचेल. प्रकल्पाच्या लोकांचे म्हणणे असे की, एकच संहिता वेगवेगळ्या जातींच्या प्रत्यक्ष यंत्रांवर बिल्ड केली व चालविली म्हणजे एका यंत्रावर झाकून राहिलेला दोष दुसऱ्या यंत्रावर उघडा पडतो. ही त्यांची परीक्षेची पद्धत होती. आपण शिक्षक एकाच पाठावर तोंडी, लेखी आणि प्रात्यक्षिक अशा तीन परीक्षा घेतो त्यातलाच हा प्रकार. अखेर हाक ऐकली गेली. रोमानियातील एका गृहस्थाने बिटकॉइनच्या रूपाने २०,००० डॉलर दिले, इतरांनीही यथाशक्ती मदत केली आणि यंत्रे चालू राहिली.

मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या साधनावर कोट्यवधींचे व्यवहार चालतात, ते करणाऱ्यांना वीजबिलासाठी हात पसरावे लागले. असे का घडले? लोक कृतघ्न असतात म्हणून नव्हे. जे रोज बिनबोभाट चालते त्याला खर्च येतो हे कोणाच्या ध्यानातच येत नाही, म्हणून असे घडते. अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, अल्पाइन लिनक्स या प्रकल्पावरही असाच प्रसंग आला. इक्विनिक्स ही कंपनी आपल्या एका सेवेतून त्यांना यंत्रे वापरावयास देत होती. ती सेवाच बंद करण्याचे कंपनीने ठरविले आणि प्रकल्पाला नव्या यंत्रांसाठी व जागेसाठी जाहीर विनंती करावी लागली. यात कंपनीने पूर्वी केलेल्या मदतीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण एकाच दात्याच्या आधारावर उभे राहिलेले काम त्या दात्याचा बेत बदलला की अडचणीत येते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

येथवर आपण गिरणी मिळविण्याचा व चालू ठेवण्याचा प्रश्न पाहिला. आता तिच्या राखणीचा प्रश्न. आपण निवडून, पाखडून स्वच्छ गहू गिरणीत नेला, पण गिरणीत कोणी काही मिसळले तर? मूळ संहिता हजारो लोकांनी वाचून निर्दोष ठरविली तरी आपल्या संगणकावर येते ते त्या यंत्रातून बाहेर पडलेले पीठ. म्हणून चोराची नजर धान्यापेक्षा गिरणीवर अधिक असते. एका गिरणीत शिरकाव मिळाला की, त्याला लाखो घरांचे दरवाजे उघडतात.

हे नुसते भय नाही. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या लोकांना आढळून आले की, त्यांच्या दोन यंत्रांत कोणीतरी परका शिरला आहे. ही यंत्रे प्रणालीबरोबर वापरावयाची हजारो पॅकेजे तयार करण्याच्या कामी लागत. प्रणालीत दोष होता म्हणून चोर शिरला असे नव्हे. ज्याला प्रवेशाचा अधिकार होता अशा एका सहकाऱ्याची डिजिटल किल्ली चोराच्या हाती पडली असावी, असा निष्कर्ष निघाला. तपासात कोठेही भेसळ सापडली नाही. तरीसुद्धा १७ नोव्हेंबरला प्रकल्पाने सर्व हकीकत स्वतः होऊन जाहीर केली आणि सांगितले की, १९ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात घेतलेल्या पॅकेजांच्या शुद्धतेची हमी आम्ही देऊ शकत नाही; सावधगिरी म्हणून ती नव्याने घ्यावीत. यंत्रे बंद केली, कामाची घडी नव्याने बसविली आणि पूर्वीसारखी तयार पॅकेजे मिळण्यास पुढे बराच काळ गेला.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगातील दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली सांभाळणारा माणूस गाफील राहिला तर उपयोग नाही. आपला पासवर्ड मित्राला सांगणारा मुलगा आणि तो सहकारी यांच्यात तत्त्वतः फरक नाही. दुसरी, नुकसान झाल्याचा पुरावा नसतानाही त्या मंडळींनी सत्य लपविले नाही. लोकांनी आपल्याकडे विश्वासाने सोपविलेली वस्तू म्हणजे अमानत. तिच्याबाबत शंका निर्माण झाली तर ती मालकाला सांगणे हे राखणदाराचे पहिले कर्तव्य आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी फार पूर्वी एका थोर माणसाने हात घातला होता. युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेले भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवून दिले की, संहितेचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, म्हणजे कंपायलरमध्ये, अशी खोट पेरता येते की, तो इतर प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरवाट ठेवील आणि स्वतःची नवी प्रत तयार करतानाही ती खोट पुढे चालवील. मूळ संहिता कितीही वाचली तरी तीत काही सापडणार नाही. थोडक्यात, खोट धान्यात नसून जात्याच्या दगडातच असेल तर धान्य निवडून काय उपयोग? जी संहिता आपण स्वतः लिहिलेली नाही तिच्यावर विश्वास ठेवताना शेवटी माणसांवरच विश्वास ठेवावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मग उपाय काय? डेबियन या प्रकल्पाने दोन वाटा धरल्या आहेत. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प जगभरच्या स्वयंसेवकांवर चालतो. पूर्वी एखादा स्वयंसेवक आपल्या घरच्या संगणकावर पॅकेज तयार करून पाठवी आणि तेच लोकांना मिळे. घरच्या संगणकात काय शिरले असेल याचा भरवसा कोण देणार? म्हणून २०१९ साली असे ठरले की, स्वयंसेवकाने मूळ संहिता पाठवावी आणि पुढील आवृत्तीत जाणारे पॅकेज प्रकल्पाच्या देखरेखीखालील यंत्रांवरच तयार व्हावे. अर्थात त्यामुळे या यंत्रांची गरज वाढली आणि राखणीची जबाबदारीही.

दुसरी वाट अधिक मोलाची आहे. तीत गिरणीवाल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागत नाही. एकच धान्य दोन वेगळ्या गावांतील दोन गिरण्यांत दळून आणावे आणि पीठ कणाकणाने ताडून पाहावे. जुळले तर दोन्हीकडे भेसळ नाही असे मानण्यास आधार मिळतो, न जुळले तर चौकशी करावी. बोलण्यास ही गोष्ट सोपी, पण प्रत्यक्षात अडचण अशी की, तयार होणाऱ्या फाईलमध्ये यंत्र त्या क्षणाची तारीख व वेळ, कामाच्या फोल्डरचे नाव, फाईलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टी टिपून ठेवते. त्यामुळे निर्दोष काम करूनही दोन प्रती जुळत नाहीत. २०१३ पासून डेबियनमधील व नंतर इतर प्रकल्पांतील मंडळींनी असले फरक एकेक करून शोधले आणि दूर केले. हजारो पॅकेजांचे हे किचकट, कीर्ती न देणारे काम आहे. त्याचे फळ असे की, डेबियनच्या चाचण्यांत आता नव्वद टक्क्यांहून अधिक पॅकेजे अशी तंतोतंत पुन्हा तयार करता येतात. एका पहारेकऱ्याला फितविता येते. पण वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा जणांना एकाच वेळी फितविणे फार कठीण. या पद्धतीत आणखी एक गिरणी म्हणजे आणखी एक साक्षीदार.

आता पालक विचारतील, मास्तर, हे सर्व ठीक, पण आम्ही काय करावे?

पहिली गोष्ट, अपडेट टाळू नका. 'मोबाईल चांगला चालला आहे, कशाला छेडायचा?' असे म्हणून महिनोन्‌महिने अपडेट न घेणे म्हणजे तुटलेल्या कडीची दुरुस्ती दारात आलेली असताना सुताराला परत पाठविणे होय. नवा मोबाईल घेताना कॅमेऱ्याची चौकशी आपण करतो, तशीच किती वर्षे अपडेट मिळणार याचीही करावी. आणि अपडेट किंवा प्रोग्रॅम नेहमी मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. कोणी पाठविलेल्या लिंकवरून घेऊ नये.

दुसरी गोष्ट शाळांच्या संगणकांविषयी. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. अनेक संगणक असे आहेत की, त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ते भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली घालून पाहावी. केरळच्या शाळांतून ती कित्येक वर्षे वापरली जात आहे. मात्र कोणी जुने संगणक भेट देऊ लागले तर ते ६४ बिटांचे आहेत ना, हे विचारून घ्यावे. कारण ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटांच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. या जगात शिरण्यास मोठी फी भरावी लागत नाही. संहिता वाचा. एखादे छोटे पॅकेज शाळेच्या संगणकावर स्वतः बिल्ड करा. उतरवून घेतलेल्या फाईलची एसएचए-२५६ बेरीज काढून ती प्रकल्पाने जाहीर केलेल्या बेरजेशी ताडून पाहा. एक अक्षर बदलले तरी ती संपूर्ण बदलते हे पाहून तुम्हाला गंमत वाटेल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो. तो कोणीतरी बसून मराठीत आणला आहे. त्या मराठीत दुरुस्त्या सुचविणे हेही योगदानच आहे. आपण केवळ घेणारे राहू नये, देणारेही व्हावे.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्या इमारतीला, नव्या दालनाला देणगी देणारे दाते मिळतात. त्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात आणि ते योग्यच आहे. पण त्या दालनाचे वीजबिल, संगणकाची दुरुस्ती, रात्रीच्या पहारेकऱ्याचा पगार यांसाठी दाता मिळणे कठीण असते, कारण वीजबिलावर कोणाचे नाव कोरता येत नाही. आपल्यासारख्या कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या कार्यकर्त्याला विचारा, तो हेच सांगेल. कॅलगरीतील त्या घरातही नेमके हेच घडले. बुद्धी होती, कष्ट होते, कीर्ती होती. अडले ते दिवाबत्तीच्या खर्चापाशी.

म्हणून माझी विनंती अशी की, ज्या मुक्त प्रणालीवर आपले काम चालते तिला वर्षातून एकदा यथाशक्ती काही द्यावे आणि आपल्या गावातील संस्थेलाही केवळ उभारणीसाठी नव्हे, तर चालविण्यासाठी द्यावे. एका मोठ्या दात्यावर विसंबून राहण्यापेक्षा शंभर घरांचे थोडे थोडे अधिक टिकाऊ असते. ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनी वेळ द्यावा. राखणीच्या कामाला पैशाइतकीच जागरूक माणसांची गरज असते.

मुक्त म्हणजे मालकीच्या बंधनातून मोकळे. खर्चातून मोकळे असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या वेळी मोबाईलवर अपडेटची सूचना येईल तेव्हा ते जरूर घ्या आणि घरातल्या मुलाला एवढे विचारा की, बाळ, हे पीठ कोणत्या गिरणीतून आले? त्याला उत्तर माहीत नसेल तर दोघे मिळून शोधा.